मोडलेले हाड आणि काळी माती : वऱ्हाडातील उघड्या अस्थिभंगाचा इतिहास

१/
२९ नोव्हेंबर १८०३. आजच्या अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात, अडगावच्या रानात, एका बाजूला नागपूरकर भोसले व शिंदे यांची फौज आणि दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज उभी होती. इंग्रजी ग्रंथांत ही लढाई 'अरगाव' या नावाने येते. तिचा निकाल आणि नंतरच्या तहाची कलमे आपण वाचतो. ज्यांच्या हातापायांची हाडे तोफगोळ्यांनी मोडली, त्यांचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा विचारले जात नाही. आजचा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

२/
आधी संज्ञा स्पष्ट करू. हाड मोडले पण वरची त्वचा अखंड राहिली, तर तो बंद अस्थिभंग. त्वचा फाटून मोडलेल्या हाडाचा बाहेरच्या हवेशी, धुळीशी, मातीशी संबंध आला, तर तो उघडा अस्थिभंग. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत याला कंपाउंड फ्रॅक्चर म्हणत, आज ओपन फ्रॅक्चर म्हणतात. हाड बाहेर आलेले दिसलेच पाहिजे, असे नाही. पुष्कळदा हाडाचे टोक क्षणभर बाहेर येऊन पुन्हा आत जाते आणि मागे हरभऱ्याएवढे छिद्र उरते. ते छिद्रही तितकेच धोक्याचे असते.

३/
असा अस्थिभंग दोन रीतींनी होतो. एक, बाहेरचा आघातच त्वचा, स्नायू आणि हाड असे सर्व भेदून जातो : तोफेचा गोळा, गाडीचे चाक, यंत्राचा पट्टा. दुसरी, पडताना वा पाय पिरगळताना हाड आतल्या आत मोडते आणि त्याचे अणकुचीदार टोक त्वचा फाडते. लांब हाडांपैकी नडगीच्या बाबतीत हे सर्वाधिक घडते, कारण नडगीच्या पुढच्या बाजूस हाड आणि त्वचा यांच्यामध्ये स्नायूंचे आच्छादन जवळजवळ नसते.

४/
हाड हे जिवंत ऊतक आहे. त्याला रक्त मिळते ते आतल्या मज्जेतून आणि बाहेरच्या आवरणातून व स्नायूंमधून. जोरदार आघाताने हे आवरण सोलले गेले की हाडाचे तुकडे रक्तावाचून मरतात. मेलेल्या हाडापर्यंत शरीराच्या संरक्षक पेशी पोहोचत नाहीत आणि पुढे औषधही पोहोचत नाही. त्यात माती, शेण वा कपड्याचा तुकडा अडकला, की जंतूंना सुरक्षित घर मिळते. मग पू होतो, ताप चढतो, जखम वर्षानुवर्षे वाहत राहते. धनुर्वात किंवा वायुजन्य कोथ झाला, तर रुग्ण थोड्याच दिवसांत दगावतो.

५/
म्हणजे मोडलेले हाड स्वतः सहसा जीव घेत नाही. जीव घेते ती त्याच्यावरच्या फाटलेल्या त्वचेतून आत गेलेली घाण. ही गोष्ट उमगायला आणि उमगल्यावर तिच्यावर उपाय सापडायला माणसाला फार मोठा काळ लागला. त्या काळाचे बहुतेक टप्पे वऱ्हाडच्या इतिहासाशी या ना त्या रीतीने जोडता येतात.

६/
प्राचीन वैद्यांना हा भेद ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत भग्नाचे दोन मुख्य वर्ग आहेत : सांधा निखळणे आणि कांडे मोडणे. चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली आणि वेळूच्या कामट्या बांधण्याची रीत सांगितली आहे. पट्टी थंड ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावी, असाही नियम आहे. उन्हाळ्यात पट्टीखालची जागा लवकर बिघडते, हा अनुभव त्यामागे असावा.

७/
त्याच अध्यायात जखमेसह मोडलेल्या हाडाचा स्वतंत्र विचार आहे. आधी तूप, मध आणि तुरट काढे यांनी व्रणाची चिकित्सा करावी, मग उरलेला उपचार नेहमीच्या हाडमोडीसारखा करावा. शेवटी वैद्याला बजावले आहे की भग्नात पाक, म्हणजे पू, होऊ नये यासाठी झटावे. मांस, शिरा आणि स्नायू पिकले की ते बरे होणे कठीण. जंतूंची कल्पना नसतानाही मुख्य शत्रू कोण, हे येथे अचूक ओळखले आहे. ग्रीक हिप्पोक्रेटसच्या परंपरेतील ग्रंथही हेच सांगतात : मांडीचे वा दंडाचे हाड बाहेर आलेला रुग्ण क्वचितच वाचतो.

८/
आता पुन्हा १८०३ कडे. अडगावच्या दोन महिने आधी, २३ सप्टेंबरला, असईची लढाई झाली होती. इंग्रजांच्या बाजूची नोंद ४२८ ठार आणि १,१३८ जखमी अशी आहे. इतक्या जखमींना ठेवायचे कुठे, हा वेलस्लीपुढचा पहिला प्रश्न होता. दौलताबादचा किल्ला मिळावा, अशी त्याची इच्छा होती, परंतु निजामाच्या किल्लेदाराने नकार दिला. शेवटी अजिंठ्याला रुग्णालय उभारावे लागले. मोडलेल्या मांड्या आणि नडग्या घेऊन ही माणसे खडबडीत वाटेने हलवली गेली.

९/
अडगावला इंग्रजांकडील मृत व जखमींचा आकडा साडेतीनशेच्या आसपास होता. त्यानंतर फौज चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर गेली. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग मारला गेला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. इंग्रजांच्या याद्यांत त्यांचे जखमी पलटणीगणिक मोजलेले आहेत. हरलेल्या बाजूचे शिपाई, दोन्ही बाजूंचे बैल हाकणारे, पाणी वाहणारे, गवत कापणारे यांची हाडेही तशीच मोडली होती. तहाच्या इतिहासात त्यांना जागा मिळालेली नाही.

१०/
त्या काळच्या युरोपीय शल्यवैद्याकडे उघड्या अस्थिभंगावर मुख्य उत्तर एकच होते : अवयव कापणे. आज हे क्रूर वाटते, पण त्यामागे विचार होता. चिरडलेली, मातीने भरलेली, वाकडीतिकडी जखम पाच-सात दिवसांत सडणार, हे त्याने शेकडो वेळा पाहिलेले असे. पाय वरून कापला की त्या जखमेच्या जागी एक सरळ, तुलनेने स्वच्छ जखम उरते. नेपोलियनच्या सैन्यातील लारे हा प्रसिद्ध शल्यवैद्य कापायचे तर पहिल्या चोवीस तासांतच कापावे, या मताचा होता.

११/
भूल नव्हती. ईथरचा जाहीर प्रयोग १८४६ चा आणि क्लोरोफॉर्मचा वापर १८४७ चा. त्यामुळे शल्यवैद्याची कीर्ती त्याच्या वेगावर ठरे. हात व हत्यारे धुण्याची रीत नव्हती, एकाच स्पंजाने अनेकांच्या जखमा पुसल्या जात. म्हणून कापलेली जखमही पुष्कळदा सडे. पाय ठेवला तर मृत्यूची भीती आणि कापला तरी मृत्यूची भीती, अशा स्थितीत जखमी माणूस सापडलेला असे.

१२/
गावकुसात चित्र वेगळे होते. तेथे हाडवैद्य होता, तालमीतला वस्ताद होता. निखळलेला खांदा बसवणे, मोडलेले मनगट सरळ करून कामट्या बांधणे, ही कला पिढ्यानपिढ्या चालत आली होती. बंद हाडमोडीत ती पुष्कळदा उपयोगी पडे, कारण हाड स्वतःहून जुळते. त्याला सरळ आणि स्थिर ठेवणे एवढेच काम असते. ही कला अडे ती त्वचा फाटल्यावर. घट्ट पट्टीखाली बंद झालेली माती पुढचे काम करून टाकी.

१३/
१८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हंगामात खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारांकडे कापसाने लादलेल्या बंड्यांची रांग लागे. उतारावर बैल बुजला, जू निसटले, माणूस खाली आला की भरलेल्या बंडीचे लोखंडी धावेचे चाक त्याच्या पायावरून जाई. चाकाखालची नडगी हा येथील उघड्या अस्थिभंगाचा परिचित प्रकार होता.

१४/
नेमक्या अशाच एका चाकाने वैद्यकाचा इतिहास बदलला, मात्र ते वऱ्हाडात नव्हे, स्कॉटलंडमध्ये. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जेम्स ग्रीनलीस नावाचा अकरा वर्षांचा मुलगा आणला गेला. गाडीचे चाक पायावरून जाऊन त्याची नडगी मोडली होती आणि सुमारे दीड इंचाची जखम झाली होती. शल्यवैद्य होते जोसेफ लिस्टर.

१५/
लुई पाश्चरने कुजणे हे हवेमुळे नव्हे, तर सूक्ष्म जीवांमुळे होते, असे दाखवले होते, आणि ते लिस्टरने वाचले होते. कार्लाइल शहरात सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी कार्बोलिक आम्ल वापरतात, हेही त्याला ठाऊक होते. त्याने त्या आम्लात भिजवलेले कापड मुलाच्या जखमेवर ठेवले. चार दिवसांनी पट्टी उघडली, तर पू नाही आणि सडका वासही नाही. सहा आठवड्यांनी हाड जुळले आणि मुलगा दोन्ही पायांवर घरी गेला.

१६/
१८६७ मध्ये लिस्टरने 'लॅन्सेट' या नियतकालिकात उघड्या अस्थिभंगाचे ११ रुग्ण मांडले. एक दगावला, एकाचा अवयव कापावा लागला, नऊ सुखरूप बरे झाले. त्याच्या विभागात १८६४ ते १८६६ या काळात अवयव कापलेल्या ३५ जणांपैकी १६ मृत्यू पावले होते. नवी पद्धत आल्यावर १८६७ ते १८६९ मध्ये ४० पैकी ६. जंतुनाशक शस्त्रक्रियेची सुरुवात उघड्या अस्थिभंगापासून व्हावी, हे स्वाभाविक होते, कारण त्वचेने किती संरक्षण मिळते, हे याच दुखापतीत सर्वांत स्पष्ट दिसते.

१७/
त्याच १८६७ साली भुसावळहून अकोला, बडनेरा असा वऱ्हाड ओलांडत लोहमार्ग नागपूरला पोहोचला. रेल्वेमागोमाग वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस आले. कापूस वेचणाऱ्या बायका आता रेच्यांच्या रुळांपुढे बसून कापूस भरू लागल्या. फिरता पट्टा, उघडा दांडा, सैल पदर आणि रात्रीची जागरणे. चाकाखालच्या नडगीच्या जोडीला रुळात चिरडलेला हात हा दुसरा प्रकार वऱ्हाडात दाखल झाला.

१८/
कायदा मात्र मागे होता. भारताचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो लागू होता शंभर वा अधिक कामगार असलेल्या आणि वर्षात चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांना. जिनचे काम हंगामी. चार महिन्यांत कापूस संपला, की तो कारखाना कायद्याच्या दृष्टीने कारखानाच नसे. यंत्राला कुंपण घालण्याची सक्ती जेथे सर्वाधिक गरजेची होती, तेथेच ती पोहोचत नव्हती.

१९/
भरपाईचा कायदा झाला १९२३ मध्ये आणि जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याच्या मूळ परिशिष्टात शरीराचा हिशेब होता : उजवा हात कोपरापासून वा वरून गेला तर कमाईची क्षमता ७० टक्के गेली, डावा गेला तर ६०, पाय गुडघ्यापासून वा वरून गेला तर ६०, अंगठा २५. उघड्या अस्थिभंगाचा रुग्ण या यादीपुढे विचित्र कोंडीत सापडे. अवयव गेला, तर त्याला यादीत ओळ होती. अवयव राहिला, पण वर्षानुवर्षे वाहत राहिला, तर त्याला स्वतंत्र ओळ नव्हती.

२०/
आता मातीकडे वळू. १८८९ मध्ये कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने धनुर्वाताचा जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा केला. हा जंतू गुरे-घोड्यांच्या आतड्यांत आणि शेणखत घातलेल्या जमिनीत आढळतो, आणि त्याला ऑक्सिजन नसलेली खोल, मृत जागा आवडते. १८९८ मध्ये जर्मनीच्या फ्रीडरिख याने गिनीपिगांच्या जखमांत बागेतील माती आणि जिन्यावरची धूळ भरून प्रयोग केले. सहा तासांच्या आत जखमेच्या कडा कापून काढल्या, तर प्राणी वाचत. त्यानंतर फरक पडत नसे. पुढे शतकभर पाळलेल्या 'सहा तासांच्या नियमा'चा उगम या प्रयोगात आहे.

२१/
पहिल्या महायुद्धात हाच धडा फार मोठ्या किमतीला शिकावा लागला. फ्रान्स-बेल्जियमची रणभूमी म्हणजे पिढ्यानपिढ्या खत घातलेली शेते. तेथे जखमेतली माती म्हणजे धनुर्वात आणि वायुजन्य कोथ. धनुर्वातविरोधी रक्तद्रव्ये सरसकट टोचली जाऊ लागली. बेल्जियमच्या अंत्वान दपाज यांच्यासारख्या शल्यवैद्यांनी मेलेले मांस पूर्ण कापून काढण्याची आणि जखम लगेच न शिवता उघडी ठेवण्याची पद्धत रूढ केली. जखम शिवली म्हणजे उपचार झाला, ही समजूत येथे मोडली.

२२/
स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनाचे जोसेप त्रुएता यांनी याच तत्त्वाला प्लास्टरची जोड दिली : लवकर शस्त्रक्रिया, स्वच्छता, मृत ऊतक काढणे, निचरा आणि मग स्थिरता. त्यांच्या १,०७३ रुग्णांपैकी ६ दगावले. स्पेनमध्ये काम केलेले डॉ. अटल हेच १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकाचे प्रमुख होते. त्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जसे होते, तसे विदर्भाचे, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. युद्धातील जखमांचे हे शास्त्र आपल्या माणसांच्या हातांतूनही गेलेले आहे.

२३/
प्रतिजैविके आल्यावर प्रश्न संपला, असे वाटण्याजोगे होते. १९७४ मध्ये पत्झाकिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले की औषधाविना उघड्या अस्थिभंगात १३.९ टक्के रुग्णांना संसर्ग झाला, तर सेफॅलोथिन दिलेल्या गटात २.३ टक्के. दोन वर्षांनी अमेरिकेत गुस्टिलो आणि अँडरसन यांनी १,०२५ अस्थिभंगांच्या आधारे तीन प्रतींचे वर्गीकरण मांडले. पहिल्या प्रतीत जखम लहान व स्वच्छ आणि संसर्ग विरळ. तिसऱ्या प्रतीत ऊतक चिरडलेले, आणि संसर्गाचे प्रमाण १० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत.

२४/
या वर्गीकरणातील एक अट वऱ्हाडच्या वाचकाने ध्यानात ठेवावी. शेतात झालेला उघडा अस्थिभंग, जखम कितीही लहान असो, थेट तिसऱ्या प्रतीत धरावा, असे गुस्टिलोने म्हटले आहे. म्हणजे डांबरी रस्त्यावरचे हरभऱ्याएवढे छिद्र आणि नांगरलेल्या वावरातले तेवढेच छिद्र यांना एक मानू नये. दुसऱ्यात किती माती आत गेली, हे डोळ्यांना दिसत नाही.

२५/
आणि आपली माती साधी नाही. वऱ्हाडची काळी कसदार जमीन मॉन्टमोरिलोनाइट जातीच्या चिकणमातीने समृद्ध आहे. तिच्यामुळेच ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, ओल धरते आणि कापूस पोसते. १९७० च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की नेमकी हीच चिकणमाती जखमेत गेली, तर फार थोडे जंतूही संसर्गाला पुरतात. तिचे विद्युतभारित कण शरीराच्या संरक्षक पेशींच्या कामात अडथळा आणतात आणि काही प्रतिजैविकांनाही निष्प्रभ करतात. पिकाला जो गुण तारतो, तोच जखमेला मारतो.

२६/
आज बंडीची जागा ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि दुचाकीने घेतली आहे. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. रस्ता झाला, वाहने वेगाने धावू लागली, आणि वेग वाढला की हाडाला बसणारा आघात वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्याच रस्त्याने जखमी माणूस मात्र लवकर पोहोचू शकतो, आणि या दुखापतीत सर्वाधिक मोल वेळेचेच आहे.

२७/
'सहा तासांच्या नियमा'ला आता पूर्वीचे महत्त्व उरलेले नाही. अलीकडचे संशोधन सांगते की शस्त्रक्रिया काही तास पुढे गेली, तर चालू शकते. प्रतिजैविकाची पहिली मात्रा मात्र शक्य तो पहिल्या तासाभरात शिरेतून जावी. ती मात्रा शहरातील मोठ्या रुग्णालयाची वाट पाहत थांबू नये. भारतीय परिस्थितीसाठी कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलने स्वतःची गुणांकन पद्धतही तयार केली आहे. तिच्यात त्वचा, हाड आणि स्नायू यांना वेगवेगळे गुण देऊन पाय वाचवता येईल का, हे ठरवतात.

२८/
इतक्या इतिहासातून काढायचा निष्कर्ष थोडा आहे. हाड मोडलेल्या ठिकाणी जखम दिसली, मग ती कितीही बारीक असो, तो उघडा अस्थिभंग समजावा. त्यावर हळद, राख, शेण, माती, चहाची पूड यांपैकी काही लावू नये. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे, जखम झाकावी, अवयव आहे त्या स्थितीत फळीने स्थिर करावा, १०८ ला फोन करावा. रुग्णालयात धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण स्वतःहून करून द्यावी. घट्ट पट्टी बांधण्यासाठी आधी दुसरीकडे नेऊ नये.

२९/
हाडवैद्याचा उपमर्द करण्याचा येथे हेतू नाही. सुश्रुताच्या परंपरेनेच त्याची मर्यादा आखून दिली आहे : व्रण असेल तर आधी व्रण, मग हाड. तो क्रम विसरला गेला, म्हणून कितीतरी वाचवता येण्याजोगे पाय गेले. अडगावच्या रानात पडलेल्या शिपायापाशी त्या क्रमाने वागण्याची साधने नव्हती. आपल्यापाशी ती आहेत, तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आहेत.

धागा समाप्त. वावरात किंवा जिनवर काम करणाऱ्या आपल्या माणसांपर्यंत यातील अठ्ठाविसावा भाग तरी अवश्य पोहोचवावा.